मेम्ब्रेनवरचा जैविक थर आणि नॅनोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरओ प्लांट चालवणारे ऑपरेटर, सोसायटीच्या पाण्याचं काम बघणारे रहिवासी आणि रसायनशास्त्राचे किंवा पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे बारीक पडद्यावर, जिवाणूंचा थर धरू नये म्हणून त्यावर चांदीसारख्या पदार्थांचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बसवून पाहतात. चांदी जिवाणूंना मारते, याबद्दल कुणाचं दुमत नाही. ती मेम्ब्रेनवर किती दिवस टिकते आणि जाते तेव्हा कुठे जाते, यावर मात्र सगळं अडलेलं आहे. म्हणून त्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

बायोफाउलिंग म्हणजे नेमकं काय?

पाण्यातले जिवाणू मेम्ब्रेनवर चिकटून वसाहत करतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात. त्या द्रव्यात शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए असतो. या सगळ्याचा मिळून जो बुळबुळीत थर बनतो तो बायोफिल्म, आणि त्यामुळे मेम्ब्रेनचं काम बिघडणं म्हणजे बायोफाउलिंग.

निकामी झालेलं आठ इंची मेम्ब्रेन, म्हणजे पडद्याची घट्ट गुंडाळी, करवतीने कापून उलगडलं की हे डोळ्यांनी दिसतं. पानांच्या मधे जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या चौकटींमध्ये तपकिरी, ओलसर साय धरलेली असते. बोट फिरवलं तर बोट घसरतं. कुजकट वास येतो. पाणी शिरतं त्या टोकाला थर जाड असतो आणि पुढे तो विरळ होत जातो. तो खरवडून आधी वाळवतात आणि मग भट्टीत ५५० अंशांना जाळतात. वजनाचा मोठा भाग जळून गेला तर थर सेंद्रिय आहे, आणि राख जास्त उरली तर क्षार किंवा गाळ आहे, असं समजतं. या एका चाचणीने बरेच वाद मिटतात.

क्षार बसणं आणि जैविक थर, दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

जागा बघा. क्षार शेवटच्या मेम्ब्रेनमध्ये आधी बसतात, कारण तिथे पाणी सगळ्यात खारट झालेलं असतं. जैविक थर पहिल्या मेम्ब्रेनमध्ये आधी धरतो, कारण जिवाणूंचं खाद्य तिथे पहिल्यांदा पोचतं. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक, म्हणजे प्लांटवर ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो पहिल्या टप्प्यात चढायला लागला की संशय जैविक थरावर घ्यावा. डीपी सुरुवातीच्या मानाने सुमारे १५ टक्के वाढला की धुलाई करावी, असा रिवाज आहे. थांबून राहिलात तर थर घट्ट होतो आणि नंतर कशालाच दाद देत नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. क्षार वाढत नाहीत, जिवाणू वाढतात. पूर्वप्रक्रियेत, म्हणजे मेम्ब्रेनवर जाण्याआधी पाणी साफ करताना, ९९.९ टक्के जिवाणू काढून टाकले तरी उरलेले मेम्ब्रेनवर पोचून पुन्हा तेवढीच संख्या गाठू शकतात.

मग सरळ क्लोरीन का घालत नाही?

कारण आजची आरओ मेम्ब्रेन क्लोरीन सहन करत नाहीत. क्षार अडवण्याचं काम पॉलिअमाइड या प्लास्टिकचा एक अतिशय पातळ थर करतो. त्याची जाडी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर असते. त्याखाली पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि सगळ्यात खाली पॉलिएस्टरचं कापड असतं. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात ही रचना विकसित केली आणि जगभर तीच रूढ झाली. मुक्त क्लोरीन पॉलिअमाइडमधल्या नायट्रोजनवर हल्ला करतो, साखळ्या सैल होतात आणि क्षार आरपार जायला लागतात. हे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून आधी क्लोरीनने पाणी निर्जंतुक करायचं आणि मेम्ब्रेनच्या तोंडाशी सोडियम बायसल्फाइटचा डोस देऊन तो क्लोरीन काढून टाकायचा, असं करावं लागतं. म्हणजे जिथे संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथेच पाणी बिनसंरक्षणाचं होतं. नॅनोकणांचा विचार याच फटीतून पुढे आला. रसायन पाण्यात घालायचं नसेल तर ते मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरच बसवता येईल का, असा तो विचार आहे.

पीव्हीडीएफ किंवा पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या, आरओपेक्षा मोठ्या छिद्रांच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनला हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचंच द्रावण, चालतं, त्यामुळे तिथे ही निकड कमी आहे.

नॅनोकणच का? चांदीचा साधा मुलामा का नाही?

पृष्ठभागासाठी. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याचा सगळा पृष्ठभाग जेमतेम सव्वा चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे १० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर होतो. जिवाणूंना मारणारे चांदीचे आयन पृष्ठभागावरूनच सुटतात, म्हणून हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय मुलाम्याने छिद्रं बुजतील आणि पाणीच जाणार नाही. १५० नॅनोमीटर जाडीच्या थरात बसवायचा कण त्याहून बराच लहान असावा लागतो, नाहीतर थर तिथेच फाटतो.

कोणकोणते नॅनोकण वापरून पाहिले गेले आहेत?

चांदीवर सगळ्यात जास्त काम झालं आहे. तांबं आणि तांब्याचं ऑक्साइड स्वस्त पडतं, पण लवकर विरघळतं. झिंक ऑक्साइडचंही तसंच, आणि ते आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही विरघळतं. मेम्ब्रेनची धुलाई नेमकी या दोन्हींनी होते, ही त्याची मोठी अडचण.

टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल फार विचारलं जातं. अतिनील प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर अतिशय क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू तयार होतात आणि ते सेंद्रिय घाण, जिवाणू सगळंच जाळत सुटतात. कोरियात २००३च्या आसपास आरओ मेम्ब्रेनवर हे कण बसवून प्रकाशात चांगले निकाल मिळाले. पण कारखान्यातलं आरओ मेम्ब्रेन घट्ट गुंडाळलेलं आणि बंद नळकांड्यात ठेवलेलं असतं. आत प्रकाश जाणार कुठून? आणि गेला तरी तोच प्रकाश, तेच ऑक्सिजनचे रेणू पॉलिमरलाही खातात. अंधारात या कणांचा एक फायदा उरतो. पृष्ठभाग जलस्नेही होतो, त्यावर पाण्याचा थर धरून राहतो आणि घाण चिकटायला थोडी कचरते.

ग्राफिन ऑक्साइडचे पापुद्रे विरघळत नाहीत, हे त्यांचं बलस्थान. ते स्पर्शाने काम करतात. जिवाणूच्या पटलाला इजा करतात आणि पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आणतात. तेव्हा अमेरिकेत येल विद्यापीठात असलेल्या मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने ते पॉलिअमाइडवर रासायनिक बंधाने जोडून दाखवले.

झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाची गोष्ट वेगळी आहे. २००७मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक होक आणि सहकाऱ्यांनी पॉलिअमाइडमध्ये झिओलाइटचे नॅनोकण मिसळले. त्यातून नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४मध्ये एलजी केमने ती विकत घेतली. तिथे मुख्य हेतू पाणी जास्त जावं हा होता. जिवाणूंचा बंदोबस्त हा त्यानंतरचा विचार. मात्र झिओलाइटमधल्या सोडियमच्या जागी चांदी बसवता येते, त्यामुळे ती वाट अजून खुली आहे.

चांदी जिवाणूला मारते म्हणजे काय करते?

मुख्य काम आयनांचं. चांदीचा आयन प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना पकडतो, त्यामुळे श्वसनाची विकरं बंद पडतात. पेशीपटलाची गळती सुरू होते, आत हानिकारक ऑक्सिजन रेणू साचतात, डीएनएलाही धक्का पोचतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे अगदी थोडी चांदीही पुरते.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार का?

तत्त्व तेच, धातूचे आयन पाण्यात उतरतात. परिस्थिती मात्र अगदी वेगळी. तांब्याच्या कळशीत पाणी स्थिर असतं, तासन् तास धातूला लागून असतं आणि धातूचा साठा संपण्याचा प्रश्नच येत नाही. मेम्ब्रेनवरून पाणी अखंड वाहतं आणि धातू मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच असतो.

कण मेम्ब्रेनवर बसवतात कसे?

दोन मार्ग आहेत. पहिला, मेम्ब्रेन घडवतानाच कण मिसळायचे. अल्ट्राफिल्ट्रेशनसाठी पॉलिमर द्रावकात विरघळवतात, काचेवर पातळ पसरतात आणि पाण्यात बुडवतात. द्रावक निघून जातो आणि सच्छिद्र पापुद्रा उरतो. या द्रावणात कण घातले की ते आत अडकतात. सोपं आहे, पण बहुतेक कण पोटात गाडले जातात आणि जिवाणू तर पृष्ठभागावर असतात. त्यात कणांना गोळा व्हायची खोड असते. प्रमाण वाढवलं की गुठळ्या होतात, गुठळ्यांभोवती भेगा पडतात आणि गाळणच बिघडते.

दुसरा मार्ग म्हणजे तयार मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर कण घडवायचे. एलिमेलेक यांच्या गटाचं २०१४चं काम या दृष्टीने मला सगळ्यात आशादायक वाटतं. त्यांनी बाजारात मिळते तशा आरओ मेम्ब्रेनवर सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण ओतलं, काढून टाकलं आणि मग सोडियम बोरोहायड्राइड ओतलं. काही मिनिटांत चांदीचे कण जागच्या जागी तयार झाले. मेम्ब्रेनवर चिकटलेल्या जिवंत जिवाणूंची संख्या ७५ टक्क्यांहून जास्त घटली. महत्त्वाचं हे की कारखान्याची यंत्रणा बदलावी लागत नाही, आणि तत्त्वतः चांदी संपली की जागेवरच पुन्हा बसवता येते. अर्थात बोरोहायड्राइड हाताळणं सोपं काम नाही. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि ते कुठल्याही ऑपरेटरच्या हातात सहज द्यावं असं रसायन नव्हे.

हा परिणाम किती दिवस टिकतो?

हिशेब करून बघू. आठ इंची मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ साधारण ३७ चौरस मीटर असतं. दर चौरस सेंटीमीटरवर ४ मायक्रोग्रॅम चांदी बसवली असं धरा. एकूण चांदी झाली दीड ग्रॅम. अशा मेम्ब्रेनमधून दिवसाला अंदाजे १८,००० लिटर शुद्ध पाणी निघतं. त्या पाण्यात लिटरला केवळ ५ मायक्रोग्रॅम चांदी जात राहिली, तर रोज ९० मिलिग्रॅम कमी होईल. दीड ग्रॅमचा साठा सतरा दिवसांत संपला! त्यात रिजेक्ट, म्हणजे मेम्ब्रेनमधून न जाता बाहेर टाकल्या जाणाऱ्या खारट पाण्याबरोबर जाणारी चांदी धरलेलीच नाही, आणि मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरून वाहणारं बहुतेक पाणी तर रिजेक्टमध्येच जातं. मेम्ब्रेनकडून आपली अपेक्षा मात्र तीन ते पाच वर्षांची असते.

हा काही कागदावरचा धाक नाही. २००९मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलिसल्फोनच्या मेम्ब्रेनमध्ये चांदी मिसळली, तेव्हा जिवाणू आणि विषाणू दोन्हींविरुद्ध फायदा दिसला. पण पृष्ठभागावरची चांदी लवकर वाहून गेली आणि तिच्याबरोबर परिणामही ओसरला. आतल्या भागात चांदी शिल्लक होती, तिचा उपयोग झाला नाही.

म्हणून आता सगळा भर चांदीचं सुटणं मंद करण्यावर आहे. कणांना गंधकाचे गट असलेल्या रेणूंनी मेम्ब्रेनला बांधणं, पॉलिमरच्या कवचात ठेवणं, ग्राफिन ऑक्साइडच्या पापुद्र्यावर बसवणं असे प्रयत्न चालू आहेत. पण बंध फार घट्ट केला तर आयन सुटत नाहीत आणि जिवाणू मरत नाहीत. हा ताळमेळ साधणं हेच या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम आहे.

ही चांदी आपल्या पिण्याच्या पाण्यात उतरते का? धोका आहे का?

थोडी उतरू शकते. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालवून घेतं. तांब्यासाठी स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत मिळते. वरच्या उदाहरणातली सगळी दीड ग्रॅम चांदी एकाच दिवसात शुद्ध पाण्यात आली तरी लिटरला सुमारे ०.०८ मिलिग्रॅम होईल, म्हणजे मर्यादेच्या आतच. वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात चांदी पोटात गेली तर त्वचा निळसर करडी पडते. ती पातळी इथे गाठली जाण्याचा संभव नाही.

तरीही मोजमाप सोडू नये. पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त चांदी सुटते, म्हणून नवीन मेम्ब्रेनचं सुरुवातीचं पाणी टाकून द्यावं आणि नमुने तपासून घ्यावेत. नदी-नाल्यांच्या बाजूनेही बघायला हवं. रिजेक्ट पाण्यातली चांदी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पोचली तर तिचं बहुतांशी सल्फाइड बनतं आणि ते फारसं विषारी नसतं. पण रिजेक्ट थेट ओढ्यात सोडणाऱ्यांना हा दिलासा लागू होत नाही.

जिवाणू मेले तरी थर तर राहतोच ना?

अगदी बरोबर प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात. मेलेली पेशी आपोआप निघून जात नाही. ती मेम्ब्रेनवर पडून राहते, तिच्यातून बाहेर आलेलं द्रव्य पुढच्या जिवाणूंचं खाद्य होतं आणि तिच्या थराखाली चांदी झाकली जाते. त्याआधीच पाण्यातल्या ह्यूमिक, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेल्या द्रव्यांचा आणि प्रथिनांचा पातळ लेप काही तासांत बसलेला असतो. म्हणूनच नुसता मारणारा पृष्ठभाग पुरत नाही, न चिकटू देणाराही लागतो. चांदीच्या जोडीला जलस्नेही पॉलिमरचा लेप देण्याचे प्रयोग याचसाठी होतात.

जिवाणू चांदीला सरावतात का?

सरावू शकतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत जळीत रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू सापडले होते. नंतर त्यांच्यातली चांदी बाहेर फेकणारी जनुकंही ओळखली गेली. चांदी मारण्याइतकी न राहता नुसती टोचण्याइतकी उरते, तेव्हा असा सराव व्हायला वाव मिळतो. साठा संपत आलेलं मेम्ब्रेन तसंच चालवत राहू नये, याचं हे आणखी एक कारण.

प्रबंधात ९९ टक्के जिवाणू मेले म्हणतात. प्लांटवर तसं का दिसत नाही?

कारण प्रयोगशाळेत बहुधा एकाच जातीचे जिवाणू, स्वच्छ द्रावण आणि काही तासांची किंवा दिवसांची चाचणी असते. प्लांटच्या पाण्यात शेकडो जाती एकत्र नांदतात, क्लोराइड चांदीला पकडतो, सेंद्रिय द्रव्यं तिला गुंडाळून टाकतात. खाऱ्या पाण्यात तर चांदीचं रसायनच पालटतं. शिवाय प्लांटवर धुलाई होते. आधी ११-१२ पीएचचं अल्कलीचं पाणी, बऱ्याचदा ईडीटीएसकट, आणि मग सायट्रिक आम्ल. ईडीटीए तांबं आणि जस्त पकडून नेतो. एका धुलाईत महिन्याभराचा साठा निघून जाऊ शकतो. जे संशोधन धुलाईनंतरचे आकडे देत नाही, त्यावर प्लांटचा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात या विषयावर काम होतं का?

होतं, आणि दर्जेदार होतं. चेन्नईच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने चांदीचे नॅनोकण एका संमिश्र पदार्थात असे बसवले की पाण्यात अगदी अल्प चांदी सातत्याने सुटत राहते. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम मेम्ब्रेनचं नाही, गाळणीतल्या माध्यमाचं आहे, पण मंद आणि एकसारखं सुटणं कसं साधायचं याचा तो उत्तम धडा आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत आरओ मेम्ब्रेन घडवण्याची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनवर काम झालं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणाऱ्या घरगुती गाळणीचं तंत्रज्ञान उद्योजकांना दिलं. कल्पाक्कमला समुद्राचं पाणी गोडं करणारा त्यांचा रोज ६,३०० घनमीटर क्षमतेचा प्रकल्प आहे, त्यात १,८०० घनमीटर पाणी आरओने मिळतं.

माझ्या घरच्या प्युरिफायरवर ‘सिल्व्हर नॅनो’ लिहिलंय. म्हणजे मेम्ब्रेन सुरक्षित का?

चांदी कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक घरगुती यंत्रांत ती कार्बनच्या कार्ट्रिजमध्ये असते आणि पुष्कळदा ते कार्ट्रिज मेम्ब्रेननंतर लावलेलं असतं. साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढू नयेत यासाठी ती उपयोगी आहे. पण पाणी तिथे पोचेपर्यंत मेम्ब्रेनमधून बाहेर पडलेलं असतं, तेव्हा मेम्ब्रेनचं रक्षण ती करू शकत नाही. २००९मध्ये आलेल्या टाटा स्वच्छमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण होते. त्यात आरओ मेम्ब्रेन नव्हतंच.

घरच्या मेम्ब्रेनसाठी साध्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत. गणपतीला किंवा मे महिन्यात आठ-पंधरा दिवस गावी जाऊन आलात तर टाकी रिकामी करा, यंत्र चालवून पहिल्या एक-दोन टाक्यांचं पाणी भांडी-फरशीला वापरा आणि मगच प्या. थांबलेल्या कोमट पाण्यात थर सगळ्यात वेगाने वाढतो.

नॅनोकणांचं मेम्ब्रेन बसवलं तर पूर्वप्रक्रिया कमी करता येईल का?

नाही. जिवाणूंना खाद्य मिळतं म्हणून ते वाढतात. त्यांना सहज पचणारा सेंद्रिय कार्बन लिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणला तर वाढ खूप मंदावते. फॉस्फेट तोडल्यानेही फरक पडतो. क्षार बसू नयेत म्हणून घातली जाणारी काही अँटीस्केलंट स्वतःच जिवाणूंचं खाद्य ठरतात, म्हणून तेही पारखून घ्यावं लागतं. खाद्याने भरलेलं पाणी आत सोडायचं आणि चांदीने निभावून न्यावं अशी अपेक्षा करायची, हे पैसे वाया घालवणं आहे. पूर्वप्रक्रिया चांगली असेल तर नॅनोकणांमुळे दोन धुलायांमधलं अंतर वाढू शकतं. त्यांची खरी किंमत तिथे आहे.

विक्रेता ‘अँटी-बायोफाउलिंग नॅनो मेम्ब्रेन’ देतो म्हणाला तर त्याला काय विचारू?

कण कुठला आणि तो पृष्ठभागावर आहे की पोटात, हे विचारा. शुद्ध पाण्यात आणि रिजेक्टमध्ये तो धातू किती सुटतो, याचे पहिल्या दिवसाचे, महिन्यानंतरचे आणि सहा महिन्यांनंतरचे आकडे मागा. दोन-चार धुलायांनंतर परिणाम किती उरतो ते लेखी घ्या. तुमच्यासारख्याच पाण्यावर, साध्या मेम्ब्रेनच्या शेजारी, त्याच काळात चालवलेल्या प्लांटचा डीपीचा आलेख मागा. तो नसेल तर एका नळकांड्यात त्यांचं आणि दुसऱ्यात नेहमीचं मेम्ब्रेन लावून पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. पावसाळ्यात पाण्यातला सेंद्रिय भाग वाढतो, उन्हाळ्यात तापमान, आणि थर या दोन्ही काळांत वेगवेगळ्या तऱ्हेने वाढतो. शेवटी दोन्ही मेम्ब्रेन कापून शेजारी शेजारी उलगडा, थर खरवडा, जाळा आणि वजन करा. ऑर्डर त्यानंतर द्या.